पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार: पायरी पायरीने आणि कारणांसकट

अडीच गुणिले साडेतीन किती, असं सहावी-सातवीतल्या मुलांना विचारून पाहा. बरीच मुलं पटकन सांगतात, सव्वासहा. दोन त्रिक सहा, अर्ध्याचा अर्धा पाव, झाले सव्वासहा. मोठी माणसंही हेच करतात, आणि करताना ते इतकं बरोबर वाटतं की चूक दाखवली तरी लवकर पटत नाही.

म्हणून चूक दाखवण्याऐवजी एक प्रश्न विचारावा. अडीचला नुसत्या तीनने गुणलं तर किती? साडेसात. मग तीनपेक्षा मोठ्या संख्येने, साडेतीनने, गुणल्यावर उत्तर साडेसातपेक्षा कमी कसं येईल?

इथे मूल थांबतं आणि विचार करायला लागतं. हा लेख त्या क्षणापासून पुढे काय करायचं यासाठी आहे. रीत सहा पायऱ्यांची आहे आणि पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पण नुसती पाठ केलेली रीत परीक्षेनंतर विसरली जाते, म्हणून प्रत्येक पायरी का चालते हेही सोबत सांगतो.

शब्द आणि लिहिण्याची पद्धत

३/४ मध्ये वरचा ३ हा अंश, खालचा ४ हा छेद. अंश छेदापेक्षा लहान असेल तर तो छेदाधिक अपूर्णांक, म्हणजे एकापेक्षा कमी. अंश मोठा असेल, जसं १५/४, तर तो अंशाधिक. आणि ३ ३/४ हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक: तीन पूर्णांक तीन छेद चार, म्हणजेच पावणेचार.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. ३ ३/४ मध्ये तीन आणि ३/४ यांच्या मध्ये न लिहिलेली बेरीज आहे: ३ + ३/४. तिथे गुणाकार नाही. पुढच्या जवळपास सगळ्या चुका ही लपलेली बेरीज विसरल्याने होतात. लेखात सोयीसाठी तिरपी रेघ वापरली आहे, वहीत मात्र अपूर्णांक आडव्या रेषेच्या वर-खालीच लिहावा. तिरप्या रेघेवर काटाकाटी करायला गेलं की कोणता आकडा वरचा आणि कोणता खालचा हे चौथ्या ओळीत कळेनासं होतं.

सव्वासहा का नाही: खोली मोजून पाहू

साडेतीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद खोली वहीवर काढा. चौकटीची वही असेल तर दोन चौकटी म्हणजे एक मीटर धरा. आता लांबीत ३ मीटरवर एक उभी रेघ आणि रुंदीत २ मीटरवर एक आडवी रेघ मारा. खोलीचे चार तुकडे झाले.

मोठा तुकडा ३ × २ = ६ चौरस मीटर.
उजवीकडची पट्टी अर्धा × २ = १ चौरस मीटर.
खालची पट्टी ३ × अर्धा = दीड चौरस मीटर.
कोपऱ्यातला लहानगा चौकोन अर्धा × अर्धा = पाव चौरस मीटर.

बेरीज: ६ + १ + १ १/२ + १/४ = ८ ३/४. पावणेनऊ.

सव्वासहा म्हणणाऱ्याने मोठा तुकडा मोजला, कोपरा मोजला आणि दोन्ही पट्ट्या सोडून दिल्या. ती अडीच चौरस मीटरची फरशी कमी पडली असती. हे चित्र मुलाने एकदा स्वतःच्या हाताने काढलं की पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणण्याची सवय बहुतेक सुटते. मी तरी या चित्रावर घाई करू नये असंच सांगेन. बाकीची रीत नंतर शिकवता येते.

चार तुकडे करून उत्तर काढणं चूक नाही, पण लांबलचक आहे. म्हणून सोपी वाट अशी की आधी ती लपलेली बेरीज करून टाकायची आणि संख्या एकाच अपूर्णांकात आणायची. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरण घेऊ ३ ३/४ × १ ३/५.

पायरी १: आधी अंदाज

पेन उचलण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते बोला. ३ ३/४ म्हणजे जवळपास चार. १ ३/५ म्हणजे दीडहून किंचित जास्त. चार दिडे सहा. उत्तर सहाच्या आसपास यायला हवं. हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा. शाळेत या पायरीला गुण नाहीत, त्यामुळे ती सगळ्यात आधी गाळली जाते, पण खरं राखण करते ती हीच.

पायरी २: अंशाधिक करा

पूर्णांकाला छेदाने गुणा, अंश मिळवा, छेद तोच ठेवा.

३ ३/४: तीन चोक बारा, बारा आणि तीन पंधरा, म्हणून १५/४.
१ ३/५: एक पाचे पाच, पाच आणि तीन आठ, म्हणून ८/५.

का? पावणेचार किलो साखर पाव-पाव किलोच्या पुड्यांत बांधा. एका किलोच्या चार पुड्या, तीन किलोच्या बारा, आणि उरलेल्या पाऊण किलोच्या तीन. एकूण पंधरा पुड्या, प्रत्येक पाव किलोची. १५/४ चा अर्थ एवढाच. साखर तेवढीच राहिली, मोजायचं माप बदललं.

एखादी संख्या नुसती पूर्णांक असेल, समजा ६, तर ती ६/१ लिहा. हा १ लिहायचा कंटाळा केला की ६ × २/३ मध्ये सहाने वर-खाली दोन्हीकडे गुणून ठेवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पायरी ३: गुणण्याआधी काटा

आता आपल्याकडे १५/४ × ८/५ आहे. कोणताही एक अंश आणि कोणताही एक छेद यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर आधीच भागून घ्या. १५ आणि ५ ला पाचने भाग: ३ आणि १. ८ आणि ४ ला चारने भाग: २ आणि १. उरलं ३/१ × २/१.

तिरपं काटलं तरी चालतं, कारण शेवटी सगळे अंश एका रेषेच्या वर आणि सगळे छेद एका रेषेच्या खाली एकत्र येणार आहेत. तिथे मग १५ × ८ हे वर आणि ४ × ५ हे खाली असतं, आणि वरच्या कोणालाही खालच्या कोणाबरोबर भागता येतं. अंशाला अंशाबरोबर मात्र काटायचं नाही. दोन्ही वरच असतात, दोघांना भाग दिला तर वरची संख्या लहान होते, खालची आहे तशीच राहते आणि किंमत बदलते.

न काटता गुणलं तर १२०/२० येतं, मग तेही सहाच. पण मोठे आकडे आले की नंतर भागत बसण्यात वेळ जातो आणि चुका होतात त्या तिथेच.

पायरी ४: अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद

३ × २ = ६ आणि १ × १ = १. उत्तर ६. अंदाज बरोबर होता.

ही पायरी सगळे जण करतात, पण का करतो हे क्वचितच कोणी सांगतं. जुन्या वर्तमानपत्राचं एक पान घ्या. उभ्या घड्या घालून त्याचे सारखे चार भाग करा आणि तीन भागांवर पेन्सिलने आडव्या रेघा ओढा. हा पानाचा ३/४ भाग. आता पान उलगडून आडव्या घड्यांनी तीन सारखे भाग करा आणि त्यातल्या दोन भागांवर उभ्या रेघा ओढा. पान पुन्हा पूर्ण उलगडून मोजा. घड्यांनी एकूण बारा चौकोन पडले, कारण चार उभ्या पट्ट्या आणि तीन आडव्या. छेद × छेद. ज्यांवर दोन्ही प्रकारच्या रेघा आहेत ते चौकोन सहा, तीन उभ्या पट्ट्या गुणिले दोन आडव्या. अंश × अंश. म्हणून २/३ चा ३/४ म्हणजे ६/१२, अर्धं पान.

यातूनच आणखी एक शंका मिटते. गुणाकार केला की संख्या वाढते असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे ३/४ × २/३ चं उत्तर दोघांहून लहान आलं की ती खोडून पुन्हा करायला घेतात. इथे गुणिले या चिन्हाच्या जागी ‘चा’ वाचायला लावा. दोन तृतीयांशाचा पाऊण भाग दोन तृतीयांशाहून कमीच असणार. एकापेक्षा लहान संख्येने गुणलं की उत्तर घटतं, मोठ्या संख्येने गुणलं की वाढतं.

पायरी ५ आणि ६: परत पूर्णांकयुक्त, आणि पडताळा

अंशाधिक उत्तर आलं तर अंशाला छेदाने भागा. भागाकार हा पूर्णांक, बाकी हा नवा अंश, छेद तोच. ३५/८ मध्ये आठ चोक बत्तीस, बाकी तीन, म्हणून ४ ३/८. मग कोपऱ्यातल्या अंदाजाकडे पाहा. फार फरक असेल तर उत्तर सुधारत बसू नका, पायरी २ पुन्हा तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.

काहीच कटत नाही तेव्हा

४ १/६ × २ ७/८ घ्या. अंदाज: चारहून थोडं जास्त गुणिले तीनहून थोडं कमी, साधारण बारा. अंशाधिक केल्यावर २५/६ × २३/८. इथे २५ आणि ८, २३ आणि ६, २५ आणि ६, २३ आणि ८ यांपैकी कोणत्याच जोडीत समान अवयव नाही. मग सरळ गुणा: ५७५/४८. अठ्ठेचाळीस अकरा पाचशे अठ्ठावीस, बाकी सत्तेचाळीस. उत्तर ११ ४७/४८, बाराला फक्त एक अठ्ठेचाळिसांश कमी. उत्तर कुरूप दिसलं म्हणून मुलं घाबरतात. अंदाज लिहिलेला असेल तर घाबरायचं कारण राहत नाही.

तीन संख्या असतील तर

रीत तीच, फक्त काटाकाटीला जास्त वाव. १ ३/५ × २ १/२ × ३/८ म्हणजे ८/५ × ५/२ × ३/८. वरचा ८ खालच्या ८ ने गेला, वरचा ५ खालच्या ५ ने गेला. उरले ३/२, म्हणजे दीड. दोन-दोन संख्या घेऊन टप्प्याटप्प्याने गुणलं तरी हेच येतं, पण सगळं एका रेषेत मांडून आधी काटणं केव्हाही बरं.

जुनी पाठांतरं आणि जुनं उदाहरण

पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. दिडकीत दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात असं चढत जायचं. सवायकीत सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा. ही पाठांतरं म्हणजे पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या गुणाकाराचे तयार पाढेच. आजच्या मुलांनी सगळी पाठ करावीत असं मी म्हणणार नाही, पण पाऊणकी आणि दिडकी दहापर्यंत यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. अंदाजाच्या पायरीला त्याहून चांगलं साधन नाही.

एक संख्या पूर्णांक असेल तेव्हा तर हे पाढे अंशाधिक करण्यापेक्षा जलद चालतात. ६ × २ ३/४: सहा दुणे बारा, सहाची पाऊणकी साडेचार, एकूण साडेसोळा. रीतीने केलं तर ६/१ × ११/४ = ३३/२ = १६ १/२. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, कारण इथे दोनच तुकडे आहेत आणि दोन्ही मोजले गेले. दोन्ही संख्या पूर्णांकयुक्त असल्या की तुकडे चार होतात, आणि तिथे मात्र अंशाधिक करणं सोयीचं.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम हाच आहे: अंशांचा गुणाकार छेदांच्या गुणाकाराने भागावा. लगेच पुढे त्यांनी उदाहरण घातलं आहे, २ १/३ गुणिले २ १/७ किती? करून पाहा. ७/३ × १५/७. सात सातने गेला, पंधराला तीनने भागलं, उत्तर ५. दोन वेडेवाकडे अपूर्णांक आणि उत्तर पूर्ण पाच! शिकवणाऱ्याने उदाहरण किती विचारपूर्वक निवडलं आहे ते इथे दिसतं: अंशाधिक करायला लावणारं, काटायला लावणारं, आणि बरोबर आलं की आनंद देणारं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, आणि तसा शिलालेख तिथे आहे.

घरातली आणि शेतातली दोन उदाहरणं

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापात करतात. रव्याच्या अडीचपट दूध घालायचं ठरवलं आणि रवा सव्वा वाटी असेल तर दूध किती? ५/४ × ५/२ = २५/८ = ३ १/८ वाट्या. तीन वाट्या भरून आणि वर पाव वाटीच्या निम्मं. अंदाजही तोच सांगतो: एका वाटीला अडीच, उरलेल्या पाव वाटीला अडीचचा पाव, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त.

दुसरं. पावणेतीन एकर जमिनीपैकी दोन तृतीयांशावर ऊस लावायचा आहे. ११/४ × २/३ मध्ये दोन आणि चार काटले की ११/६, म्हणजे १ ५/६ एकर. एक पूर्णांक पाच छेद सहा एकर कोणी बांधावर उभं राहून मोजत नाही, म्हणून गुंठ्यांत आणा. एकराचे ४० गुंठे. ११/६ × ४०/१ = २२०/३ = ७३ १/३ गुंठे, म्हणजे एक एकर साडेतेहतीस गुंठ्यांच्या जरा आत. पडताळा हवा असेल तर सुरुवातच गुंठ्यांपासून करा: पावणेतीन एकर म्हणजे ११० गुंठे, त्याचे दोन तृतीयांश ७३ १/३. वेगळ्या वाटेने तेच उत्तर आलं की मग खात्री बाळगायला हरकत नाही.

चुका नेमक्या कुठे होतात

पहिली वर सांगितलीच. तिचंच दुसरं रूप म्हणजे अंशाधिक न करताच काटणं. २ ३/४ × ४ १/३ दिसलं की वरचा ३ खालच्या ३ ने उडवायचा मोह होतो, पाव उरतो, दोन चोक आठ, उत्तर सव्वाआठ. खरं उत्तर ११/४ × १३/३ = १४३/१२ = ११ ११/१२. पूर्णांक बाजूला उभा असताना काटाकाटी करायची नाही.

बेरजेची सवयही आड येते. नुकतीच अपूर्णांकांची बेरीज शिकलेलं मूल ३/४ × २/३ चे छेद समान करतं, ९/१२ × ८/१२ लिहितं आणि बेरजेसारखा छेद १२ तसाच ठेवून ७२/१२ = ६ काढतं. एकाहून लहान दोन संख्यांचा गुणाकार सहा! छेद समान करण्याची इथे गरजच नाही. केलेच तर छेदांचाही गुणाकार करावा लागतो, ७२/१४४, आणि फिरून अर्ध्यावरच यायचं.

भागाकार शिकल्यावर उलटी अडचण सुरू होते: गुणाकारातही दुसरा अपूर्णांक उलटा केला जातो. उलटायचं ते फक्त भागाकारात.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पडताळा घेताना कंस विसरू नका. २ १/२ × ३ १/३ साठी (२ + १ ÷ २) × (३ + १ ÷ ३) असं लिहिलं तर ८.३३३३ येतं आणि ते बरोबर आहे, कारण ५/२ × १०/३ = २५/३ = ८ १/३. कंस न घालता लिहिलं तर कॅल्क्युलेटर आधी मधला गुणाकार करतो आणि ३.८३३३ दाखवतो. जिथे छेदात ३, ६, ७ किंवा ९ असतात तिथे दशांश सहसा संपतच नाहीत, म्हणून अशी उदाहरणं अपूर्णांकातच सोडवावीत.

हात बसवण्यासाठी

प्रत्येक गणिताचा अंदाज आधी लिहा, मग सोडवा.

(१) ३/८ × ४/९
(२) १ १/३ × २ १/४
(३) ४ १/६ × १ १/५
(४) ३ १/२ × १ १/४
(५) साडेसात मीटर कापडाचे २/५ वापरले. किती मीटर वापरले?
(६) खोली १० १/२ फूट रुंद आणि १२ २/३ फूट लांब. क्षेत्रफळ किती?
(७) २ २/७ × १ ५/१६ × १/३

उत्तरं: (१) १/६ (२) ३ (३) ५ (४) ४ ३/८ (५) ३ मीटर (६) १३३ चौरस फूट (७) १

सहाव्यात २१/२ × ३८/३ मांडून तिरपं काटलं की ७ × १९ एवढंच उरतं. ज्याने आधी गुणलं त्याला ७९८ ला सहाने भागावं लागलं असेल. सातव्याचं उत्तर एक आलं नाही तर १६ आणि २१ कोणाबरोबर काटले ते पाहा.